सिझेरियननंतर गोळी दुखायच्या आधी

"बाळाला दूध पाजायचंय, म्हणून सहन होईल तोवर दुखण्याची गोळी टाळा" असं सिझेरियन झालेल्या बाईला सांगितलं जातं, ते मला पटत नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधात अगदी नगण्य उतरतात. टाळायची ती कोडीन (अफूवर्गातलं वेदनाशामक). कळ चढल्यावर ती उतरवायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही दिवस घड्याळ लावूनच घ्यायचं: साधारणपणे पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दर 6 तासांनी (24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, वजन 50 किलोखाली असेल तर कमी), आणि जेवल्यावर आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम दर 8 तासांनी. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल मोजायला लोक हमखास विसरतात!

पलंगावरून उठायचं कसं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. उताणं असताना सरळ उठलं की पोटाचे स्नायू आवळतात आणि टाके ओढले जातात. आधी गुडघे वाकवा, अख्खं अंग कुशीवर वळवा, पाय पलंगावरून खाली सोडा, मग कोपराने रेटा देत उठा. खोकताना उशी टाक्यांवर दाबून धरा. दुखणं दिवसेंदिवस वाढत गेलं, ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा टाक्यांतून पू आला तर गोळ्या वाढवत बसू नका, दवाखाना गाठा.