अनुभव धागा: भलत्याच कपाटातलं पुस्तक तुमच्या हाती कसं लागलं?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे. भर दुपारी नागपूरच्या बर्डीत चिटपाखरू नाही. कूलरमध्ये पाणी भरणं आणि वाचणं एवढीच दोन कामं उरलीत, म्हणून हा धागा.

विचारायचं एवढंच की, तुम्ही नेहमी वाचता त्यातलं नाही, भलत्याच प्रकारचं पुस्तक तुमच्यापर्यंत कसं पोचलं? रहस्यकथावाल्याला विज्ञान, कवितावाल्याला खून, काहीही चालेल. 'खूप छान, जरूर वाचा' एवढंच लिहून पळू नका. कुठे, कसं, कुणामुळे ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी पक्का रहस्यकथावाला. दहावीच्या सुट्टीत सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद भेटला, मग गुरुनाथ नाईक, मग बाबूराव अर्नाळकर. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून ठेवल्यात, त्यामुळे माल संपायची चिंता नव्हती. तीनेक वर्षांपूर्वी अशाच उन्हाळ्यात एका वाचनालयातून शिरवळकर आणला. हिरवं रेक्झिन, पाठीवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, सगळं बरोबर. घरी येऊन उघडतो तर आत मारुती चितमपल्ली! बाइंडिंगमध्ये अदलाबदल झालेली. बाहेर पंचेचाळीस डिग्री, परत जायची हिंमत नव्हती. म्हटलं, चार पानं बघू. वनखात्यातला माणूस तळ्याकाठी बसलाय, पाखरं बघतोय. खून नाही, पाठलाग नाही, तरी पान उलटतंय. संध्याकाळी बायकोने येऊन सांगितलं की कूलर तासभर कोरडाच खडखडतोय. पुस्तकातल्या त्या नवेगाव बांधला मी तोवर दोनदा जाऊन आलो होतो, दोन्ही वेळा पार्टीला. तळं होतं हे आठवतं, पाखरं आठवत नाहीत.

आता तुम्ही.

जुनी चिठ्ठी

ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, म्हणून अधिकाराने सांगते. तुमच्या पुस्तकाचं काय झालं ते मला दिसतंय. बाइंडिंगला पुस्तकं गठ्ठ्याने जातात. जुनी कव्हरं फाडली की आतली पिवळी पानं सगळी सारखीच. वर खोचलेली नावाची चिठ्ठी सरकली की शिरवळकर पक्ष्यांत आणि पक्षी शिरवळकरांत. आमच्याकडे एकदा पाककृतींच्या कव्हरात नाटक गेलं होतं. ते नेणाऱ्या बाईंनी महिनाभर तक्रार केली नाही, आवडलं असावं.

मला स्वतःला नवीन पुस्तक कपाटात कधी सापडलं नाही. कपाटं आमच्या वर्गीकरणाने लावलेली. ५२० मध्ये खगोल, ५९८ मध्ये पक्षी, ८९१.४६ मध्ये मराठी साहित्य. जो तो आपल्या आकड्यापाशी जाऊन उभा राहतो आणि तिथूनच परत फिरतो. खरी गंमत परतीच्या टेबलावर. लोकांनी परत केलेली पुस्तकं जागेवर जायच्या आधी तिथे पडलेली असतात. प्रेमकथेवर मधुमेह, त्यावर ज्ञानेश्वरी, त्यावर भुताची गोष्ट. मी रोज सहा वाजता त्या ढिगातलं वरून तिसरं पुस्तक घरी न्यायची. तिसरंच का, ते विचारू नका. मागची तारखांची चिठ्ठी आधी बघायची. शिक्के जवळजवळ असतील तर पुस्तक लोकांच्या हातात फिरतंय. अकरा वर्षांत एकच शिक्का असेल तर ते मी हमखास उचलायची. बिचारं. कवितेचे निम्मे संग्रह मी असेच दयेपोटी वाचले आणि त्यातच ग्रेस सापडले. कळले असं म्हणत नाही. सापडले.

तर्रीवाला

माह्ये बाबा वाचायचे म्हणजे पेपर, तोही टपरीवरचा. पण दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाले आम्हा सगळ्यायले दीक्षाभूमीवर घेऊन जायचे. १९५६ ले बाबासाहेबांनी तिथं दीक्षा दिली तेव्हा माह्या आजा गर्दीत होता, हे दरवर्षी सांगायचे. ज्यांनी पाहिलं नाही त्यायले सांगतो, तिथं पुस्तकांची दुकानं एवढी लागतात का पाय ठेवाले जागा नसते. दूरदूरचे लोकं पिशव्या भरून पुस्तकं नेतात.

मी तेव्हा पंधराचा. वाचायचो फक्त भुताच्या गोष्टी, नारायण धारप. बाबांचा नियम होता, हरवला तं पुस्तकाच्या दुकानापाशी थांबायचं, इकडेतिकडे फिरायचं नाही. त्या वर्षी मी खरंच हरवलो. एका दुकानापाशी उभा राहिलो, रडू दाबून. दुकानवाल्या काकांनी पाहिलं. काही विचारलं नाही, एक खोकं सरकवलं बसाले आन् समोरचं एक पुस्तक हातात दिलं. म्हणाले, "पान दुमडायचं नाही, मंग वाच."

दया पवारांचं 'बलुतं' होतं ते. १९७८ चं पुस्तक, माह्या जन्माच्या आधीचं. पहिल्यांदा वाटलं, हे काय बे, हे तं आपल्या घरातलं बोलून राहिलं. भुताच्या गोष्टीत अंधार असायचा तं मी पांघरूण ओढून घ्यायचो. इथं पांघरूणच नव्हतं. बाबा दोन तासांनी आले, घामाघूम. त्यांनी पहिले माह्या पाठीत एक धपका घातला, मंग काकांले विचारलं, "याचे कितीक झाले?" परतीच्या जेवणाचे पैसे त्या पुस्तकात गेले. भोजनदानाच्या रांगेत उभं राहून जेवलो, तसंही तिथं कोणी उपाशी जात नाही.

आता मी माह्या पोराले नेतो. तो हरवतच नाही, मोबाईल आहे नं त्याच्यापाशी.

इतवारीची सून

सासूबाई गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. पैठणीखाली वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली नऊ पुस्तकं, वर त्यांच्या अक्षरात 'हरिपाठ', 'व्रतकथा'. आत सगळे चंद्रकांत काकोडकर! आयुष्यभर मला 'कादंबऱ्या काय वाचतेस' म्हणून टोकणाऱ्या बाई.

मी तोवर प्रेमकथांना नाक मुरडायची. मग चौकशी केली तर कळलं, काकोडकरांच्या 'श्यामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. म्हणजे कोर्टाने सोडलं तरी आमच्या घरात ती व्रतकथाच राहिली. नऊच्या नऊ वाचली. दोन फारच पाणचट आहेत, खोटं कशाला सांगू. पण त्यांनी ज्या ओळींखाली पेन्सिलने रेघ मारलीय, तिथे मी थांबते. कव्हरं काढलेली नाहीत.

खतावणी

मी हिशेबाच्या खात्यातला. विज्ञान दहावीनंतर सोडलं ते कायमचं. लेकीला रमण विज्ञान केंद्रात घेऊन गेलो तेव्हा उगाच मनात आलं की हे नाव नागपुरात का? घरी येऊन शोधलं, तर सी. व्ही. रमण नोबेलच्या कितीतरी आधी सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते आणि १९१०च्या सुमारास काही काळ नागपुरातही होते. आमच्यातलाच माणूस! तिथून रमण यांचं चरित्र, मग जयंत नारळीकर. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून हा खटाटोप, आणि पहिलं बक्षीस मिळालंच. ऑडिटवाल्याला असल्या गोष्टी फार आवडतात.

धरमपेठ_४४००१०

माझा उलटा अनुभव. मित्राच्या नादाने पुंजभौतिकीवरचं, म्हणजे क्वांटम फिजिक्सचं, पुस्तक घेतलं. पान एकतीस. बुकमार्क अजून तिथेच आहे. मोबाईलने मात्र ते लक्षात ठेवलं आणि दोन वर्षांपासून तेच पुस्तक वेगवेगळ्या कव्हरात दाखवून राहिला.

जुनी चिठ्ठी

धागाकर्ते, एक राहिलं. तो शिरवळकर नंतर मिळाला का?

धागाकर्ता

नाही ना. वाचनालयात विचारलं तर म्हणाले, पक्ष्यांचं पुस्तक कुणीतरी नेलंय, अजून परत आलं नाही. तेव्हा मंडळी, पाखरांच्या कव्हरात कुणाकडे मुडदा निघाला असेल तर दंड माझ्याकडून. फक्त शेवटी खून कुणी केला तेवढं सांगा.