गर्भपिशवी काढल्यावर गर्भ?

"पिशवीच काढली, मग गर्भ राहील कुठे?" असं कुणीही विचारेल. राहतो; स्त्रीबीज वाहून नेणाऱ्या नळीत किंवा थेट पोटात. अतिशय दुर्मीळ, पण वेंडेलर या डॉक्टरांनी १८९५ मध्येच असा रुग्ण नोंदवलाय. अंडाशय ठेवलेले असतील तर बीज सुटत राहतंच. कधी ऑपरेशनच्या वेळीच फलित बीज नळीत असतं. कधी योनीच्या वरच्या टोकाच्या टाक्यांत बारीक वाट उरते आणि शुक्रजंतू तिथून आत शिरतात. खरी पंचाईत निदानाची. पाळीच नाही, तर चुकणार काय! बाई पोट धरून येते आणि केसपेपरवर 'गर्भाशय काढले' वाचून सगळे अपेंडिक्सच्या मागे लागतात. लघवीतून गर्भ तपासायची साधी पट्टी कुणी लावतच नाही. तिच्यावर दोन रेघा उमटल्या, तर लगेच सोनोग्राफी. नळी फुटली तर पोटात रक्त साचतं.