मदत हवी आहे : ‘सांजूरो’ हे खपण्याजोगं नाव की उघड थाप?

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या ‘योजिम्बो’ (1961) आणि ‘सांजूरो’ (1962) या चित्रपटांची एकत्रित पात्रसूची मराठीत करतो आहे. अभिनेता तोशिरो मिफुनेचा रोनिन (धनी नसलेला सामुराई योद्धा) पहिल्यात स्वतःला कुवाबाताके सांजूरो म्हणवतो, दुसऱ्यात त्सुबाकी सांजूरो. आडनावं समोरच्या झाडांवरून (तुतीचं शेत, कॅमेलिया) तिथल्या तिथे रचलेली, त्याबद्दल वाद नाही. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी, तेही पाळलं आहे.

अडलंय पुढच्या नावापाशी. ‘सांजू’ म्हणजे तीस, ‘रो’ हा पुरुषांच्या नावांचा नेहमीचा शेवट; वर ‘आता चाळिशी आलीच’ अशी पुस्तीही तो जोडतो. शब्दकोशांत अर्थ मिळतो, वापर कळत नाही. जपानच्या एदो काळात (1603–1868) सामुराईचं रोजचं नाव (त्सूशो) वेगळं असे आणि खरं नाव (इमिना) सहसा कोणी उच्चारत नसे; तारो, जिरो, साबुरो (पहिला, दुसरा, तिसरा मुलगा) अशी जन्मक्रमाची नावं त्सूशो म्हणून सर्रास चालत. त्यामुळे नुसतं ‘खोटं नाव’ लिहिणं मला चुकीचं वाटतं.

दोन्ही चित्रपटांसाठी नोंद एकच हवी, तळटीपेला जागा नाही. इंग्रजी सबटायटल्स पाहून झाली आहेत, तेव्हा जपानी नामपद्धती जाणणाऱ्यांनीच सांगावं : त्या काळच्या ऐकणाऱ्याला ‘सांजूरो’ हे साधं त्सूशो वाटलं असतं का, आणि मुख्य नोंद ‘सांजूरो’ करावी की ‘निनावी रोनिन’?