थेंबाचा फोटो: विलंब कमांड लाइनवर मोजावा का?

थेंबवेडा: पडत्या थेंबाचे फोटो काढतोय. थेंब इन्फ्रारेड सेन्सर ओलांडतो, ठरावीक वेळाने रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स संगणकाने फ्लॅशला पल्स (क्षणभराचा विद्युत इशारा) द्यायचा. जीपीआयओमॉन ही कमांड पिनवरच्या एका एजची (सिग्नल बदलण्याच्या क्षणाची) वाट बघेल, मग ०.२ सेकंद थांबायला स्लीप ०.२, मग पिन चालू करायला जीपीआयओसेट. एका ओळीत काम. यासाठी वेगळं सर्किट बनवणं म्हणजे उगाच घाट घालणं, असं माझं मत.

रोधक: हिशेब करा. २० सेंमी पडायला थेंबाला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि तोवर वेग सेकंदाला जवळपास २ मीटर झालेला असतो. १ मिलिसेकंद चुकला की थेंब २ मिमी सरकला. शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) स्लीप आणि जीपीआयओसेट या दोन नव्या प्रोसेस, त्या नेमक्या कधी चालतील ते लिनक्सचा शेड्युलर, म्हणजे कामांची पाळी लावणारा भाग, ठरवणार. शिवाय स्लीप 'किमान इतका वेळ' एवढीच हमी देतं. त्यापेक्षा ५५५ ही टायमर चिप मोनोस्टेबल पद्धतीने, म्हणजे एका इशाऱ्यावर एकदाच ठरावीक वेळ मोजेल अशी, लावा: वेळ = १.१ × आर (रोध) × सी (कपॅसिटर). १८० किलोओहम, १ मायक्रोफॅरड, झाले १९८ मिलिसेकंद. पल्ससाठी आणखी एक ५५५, किंवा दोन्ही एकाच चिपमध्ये असलेला एक ५५६.

थेंबवेडा: तुमचा कपॅसिटर २० टक्के इकडेतिकडे असला तरी चालतो, माझा मिलिसेकंद मात्र खुपतो?

रोधक: टॉलरन्स (भागाच्या किमतीतला ठरावीक फरक) वेगळा, जिटर (दरवेळी बदलणारी वेळेची चूक) वेगळा. कपॅसिटर दरवेळी जवळपास तितकाच चुकतो, पॉट (फिरवून बदलता येणारा रोध) फिरवून एकदा जुळवला की झालं. शेल दरवेळी नव्याने चुकतं.

डीएमएवाला: पायच्या पिना हाताळणारी पिगपियो लायब्ररी आहे की! तिच्या पिग्ज कमांडने वेव्हफॉर्म (पिनवरच्या सिग्नलचा आराखडा) आधीच बनवून ठेवा: २,००,००० मायक्रोसेकंद शांतता, मग पल्स. विलंब डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) मोजतं, सीपीयू नाही.

रोधक: पण वेव्ह सोडणार शेलच ना? सुरुवातीचा जिटर उरलाच. आणि पाय ५ वर पिगपियो चालत नाही, तिथे पिना आरपी१ चिपकडे आहेत.

पिकोताई: दोघेही जरा थांबा. १९८ मिलिसेकंदांचे २०३ करायला पॉट चाचपत बसणं मला तरी जमत नाही. पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या. १२५ मेगाहर्ट्झवर त्याच्या पीआयओचा (पिना स्वतंत्रपणे हाताळणाऱ्या हार्डवेअरचा) एक ठोका ८ नॅनोसेकंदांचा. एज ओळखणं, मोजणं, पल्स देणं, सगळं तिथेच. विलंबाचा आकडा लॅपटॉपवरून एमपीरिमोट या कमांडने पाठवा. आकडा कमांडने द्यावा, मोजणी तिच्यावर सोपवू नये.

थेंबवेडा: पाणी फुकट आहे हो. ढीगभर फोटो काढायचे, एक ठेवायचा. जिटरमुळे उलट वेगवेगळे क्षण आपोआप मिळतात!

पिकोताई: एका थेंबाला चालेल. दोन थेंबांची टक्कर टिपायची असेल तर थेंब सोडणारा व्हॉल्व्हही वेळेवर उघडायला हवा, मग नशिबावर भिस्त. आणि काहीही वापरा, फ्लॅश थेट पिनला जोडू नका. जुन्या फ्लॅशच्या सिंक टोकांवर शंभराहून जास्त व्होल्ट असू शकतात. मध्ये तेवढे व्होल्ट झेपणारा ऑप्टोकपलर (प्रकाशाने इशारा पोचवून दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) घाला.