शाळेतला पेटीचा क्लास आणि बंद दार

लश्करवाली आई: आम्ही ग्वाल्हेरला असतो, मुलगी तिसरीत, शाळेतच बाहेरचे एक सर पेटी शिकवायला येतात. परवा विसरलेला डबा द्यायला गेले तर खोलीचं दार आतून लावलेलं, काचेवर सरगमचा चार्ट चिकटवलेला आणि आत ही एकटीच! सर म्हणाले आवाज बाहेर जातो म्हणून. झालं काहीच नाही, लेक हसतखेळत आहे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. शाळेत बोलू का?

गाणंवाली मावशी: अगं बोलच, उद्याच. मी पण शिकवते, पेटीवर बोटं बसवताना कधी हात धरावा लागतो पण आधी मुलाला विचारायचं आणि दार उघडंच ठेवायचं. तो चार्ट आधी काढायला लाव.

इंदूरचा काका: तोंडी नको, लेखी द्या, सरांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का तेही विचारा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) अत्याचाराची नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवावंच लागतं, शाळेच्या प्रमुखाने दडपलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर लेकीलाही पाठ करून द्या.

लश्करवाली आई: अर्ज लिहिला, सकाळी दोघं जाऊन देतो. क्लास बंद नाही करायचा हो, तिला पेटी फार आवडते.