तिघांचं एकमत, पण नळी एकच

धोका दिसताच प्लांट बंद करणाऱ्या सुरक्षा कंट्रोलरबद्दल 'तीन प्रोसेसर म्हणजे तिप्पट सुरक्षा' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. दोन प्रोसेसरांचं उत्तर जुळलं नाही तर चुकतंय कोण हे पुष्कळदा ठरत नाही, मग यंत्रणा सरळ ट्रिप घेते. प्लांट सुरक्षित, पण बंद. तीन असले की दोघांचं मत धरून तिसऱ्याला बाजूला काढता येतं, कार्डही चालू प्लांटवर बदलता येतं. निव्वळ धोक्याच्या हिशेबाने 'दोघांपैकी एकाने सांगितलं तरी बंद' ही रचना 'तिघांपैकी दोघे'पेक्षा सरसच ठरते. तिसरा येतो तो मुख्यतः फुकटचे ट्रिप टाळायला.

आमच्याकडे मराठवाड्यात एका साखर कारखान्याच्या को-जन (वाफ आणि वीज एकत्र बनवणाऱ्या) बॉयलरवर मी होतो. कंट्रोलर तिहेरी, ड्रम लेव्हलचे (बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी मोजणारे) ट्रान्समीटरही तीन, पण ड्रमच्या खालच्या अंगाची टॅपिंग, म्हणजे मोजणीची नळी, तिघांना मिळून एकच! ऐन गळीत हंगामात ती गाळाने चोंदली. तिन्ही रीडिंग एका जागी ठप्प, मतदान एकमताने 'सगळं ठीक'. गेज ग्लासमध्ये पाणी उतरतंय हे बॉयलर अटेंडंटने पाहिलं म्हणून निभावलं, नाहीतर ट्यूबा गेल्याच होत्या. सुरक्षा यंत्रणांच्या आयईसी ६१५०८ या मानकात याला कॉमन कॉज फेल्युअर (एकाच कारणाने सगळे एकदम निकामी) म्हणतात आणि त्यासाठी अशा बिघाडांचा वाटा सांगणारा 'बीटा' हा वेगळा गुणक धरावा लागतो. ऑफ सीझनला तीन स्वतंत्र टॅपिंग काढून घेतल्या. गंमत म्हणजे कंट्रोलरच्या किमतीवर चकार शब्द न काढणारे साहेब पाइपिंगच्या बिलावर मात्र महिनाभर कुरकुरत होते.