अशैक्षणिक कामांविरुद्ध निवेदनं दिली, पुढं काय?

चंदगडची बाई: द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्रावरच्या मतदार यादीच्या, कामाला गेला की पहिली ते चौथी एकाच्याच गळ्यात. निवेदनांचा ढीग झाला. नोकरीच्या वर्तणूक नियमांत राहून धोरण बदलायला नेमकं काय करावं?

पन्हाळकर: मॅडम, ‘सर्व अशैक्षणिक कामे बंद करा’ ही मागणी टिकत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना द्यायला परवानगीच देतं. पण मतदार यादीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये सांगितलंय. तेवढी एकच मागणी धरा.

दुसरी चूक पत्त्याची. बीएलओचा आदेश महसूलकडून निघतो आणि निवेदन जातं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं. त्यांच्या हातात ते नाहीच! प्रांताधिकारी आणि तहसीलदारांना द्या, शिक्षण विभागाला प्रत. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

सोबत नोंदवही हवी: तारीख, आदेशाचा जावक क्रमांक, वर्ग, विषय, बुडालेल्या तासिका. ‘चौथी, गणित, 2 तासिका’ अशी ओळ अधिकाऱ्याला खोडता येत नाही.

करवीर कट्टा: हेच शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातून जाऊ दे. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, वर्तणूक नियम त्यांना लागत नाहीत. ठरावात तासिकांचा आकडा घाला, नुसता ‘निषेध’ नको. मग तोच ग्रामसभेत. 1917 साली शाहू महाराजांनी ज्या मातीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथल्या पोरांचा तास बुडतोय हे गावानं बोललंच पाहिजे.

माहिती अधिकारात ‘का’ विचारू नका, आदेशांच्या प्रती मागा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

राधानगरी एक्स्प्रेस: आमदारांबद्दल एक. विधान परिषदेच्या पुणे शिक्षक मतदारसंघात कोल्हापूर येतं, पण प्राथमिक शिक्षकांना तिथं मत नाही. म्हणून आपल्या विधानसभेच्या आमदारांकडंही जा, तेही अधिवेशनाच्या बऱ्याच आधी. तारांकित प्रश्नाची (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) सूचना आधी द्यावी लागते, अधिवेशन सुरू झाल्यावर धावून उपयोग नाही. एका पानाचं टिपण द्या: कलम, तालुक्यातल्या शाळांच्या तासिकांची बेरीज आणि विचारायचा प्रश्न तयार शब्दांत. पेपरात शासनावर टीका मात्र स्वतःच्या नावानं नको, ती संघटनेच्या पत्रकातून येऊ दे.